हातावरची पाटी

३ मार्च, मंगळवार

बोलून बसले! वाचनालयाच्या सभेत. सचिवांनी वाचनकक्ष पाडून तिथे वाहनतळ करायचा ठराव मांडला आणि मी उठले. पाऊण तास बोलले — ग्रंथ, गुलामी, मशाली, सगळं आलं. टाळ्या! त्या ओसरल्यावर सचिव बसल्या जागेवरून, काडीने दात कोरत म्हणाले, "बाई, तुमचं बोलणं छान असतं. पण हवेतलं हवेत जातं."

झालं. माझा उजवा हात आपोआप वर गेला. "हवेत? एकोणतीसला मतदान आहे ना? त्या दिवशी माझा निर्धार या हातावर गोंदवून येते. मग पुसून दाखवा!"

पुन्हा टाळ्या. शेवटच्या रांगेत हे बसले होते. ह्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. डोळे मिटून घेतले.

४ मार्च

मला सुईची भीती वाटते. जगात दोघांनाच ठाऊक आहे — ह्यांना, आणि रक्त तपासायला घरी येतो त्या माणसाला. त्याच्या अंगावर मी दोनदा कोसळले आहे.

५ मार्च

गोंदून देणारीकडे गेलो. पंचविशीची मुलगी, मानेवर मासा. भिंतीवर पाटी: 'रागात, प्रेमात आणि पैजेवर गोंदून मिळणार नाही.' हे त्या पाटीपुढेच उभे राहिले. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या ना! "'पैजे'तला ज छान काढलाय," एवढंच म्हणाले.

मुलीने प्रश्नांची सरबत्ती लावली. रक्त पातळ करायची गोळी घेता? मधुमेह? जखम लवकर भरते? उन्हात किती फिरता? मग माझ्या हाताची कातडी चिमटीत धरून, "काकू, वरच्या बाजूची अक्षरं दहा वर्षांत लोंबतील हं."

"विचार लोंबला नाही म्हणजे झालं!"

"वाक्य कोणतं?"

वाचून दाखवलं. एकेचाळीस शब्द. तिने एक मार्कर माझ्या हातात ठेवला. तिचा नियम असा — आधी चौदा दिवस वाक्य शाईनं हातावर वागवायचं. आंघोळीत गेलं की पुन्हा लिहायचं. मध्ये एक शब्द जरी बदलला, तरी मोजणी पहिल्यापासून. "मुद्दा पटला असेल तर चौदा दिवस टिकेल, काकू."

मला! मुद्दा पटला असेल तर, म्हणे!

६ मार्च

हात उजवाच हवा, सभेत तोच वर जातो. पण उजव्या हातावर उजव्या हाताने लिहायचं कसं? हे चष्मा लावून समोर बसले. मनगट धरलं. वाक्य मनगटापासून निघालं, कोपराला वळसा घालून खांद्यावर चढलं आणि 'म्हणूनच'पाशी जागा संपली.

"पाठ आहे अजून," मी म्हटलं.

"पाटीवर चार शब्द," हे म्हणाले. "पाचवा कोणी वाचत नाही."

चौतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मला कोणी आवरतं घ्यायला सांगितलं.

९ मार्च

अठरा शब्दांवर आले. 'अंधकार' काढला. मोजणी पहिल्यापासून.

१२ मार्च

'रक्ताच्या शेवटच्या थेंबापर्यंत' काढलं. रक्ताचा विषय नकोच. मोजणी पहिल्यापासून. धाकट्या बहिणीचा फोन: "ताई, बैठकीचे पडदे तू तीनदा बदललेस. आणि हे कायमचं?" मी फोन आपटला.

पडदे खरंच अजून चुकलेलेच आहेत.

१५ मार्च

ठरलं! 'मागे हटणार नाही.' तीनच शब्द. आज पहिला दिवस. अठ्ठावीसला चौदा होतात, त्याच संध्याकाळची वेळ घेतली आहे. आता एक काना बदलायलाही सवड नाही.

१८ मार्च

आज जिन्यात दोन हमाल समोरून एक भलंमोठं कपाट घेऊन वर येत होते, मी उतरत होते. "बाई, चार पायऱ्या मागे व्हा."

होणार होते हो! पण कठड्यावर माझा हात, हातावर ते वाक्य, आणि हमालाने ते वाचलेलं. आता काय करणार? मी उभी. ते उभे. कपाट मधोमध. खालून कोणीतरी ओरडलं, "वर कोण मेलंय का?" शेवटी बिचारे दोन मजले उलटे उतरले. मी ताठ मानेने बाहेर पडले.

घरी परतले तर कपाट आमच्याच बैठकीत! माझ्या पुस्तकांसाठी ह्यांनी गुपचूप मागवलेलं.

२३ मार्च

नववा दिवस. पंधरा मिनिटं लागतात रोज. माझं मनगट ह्यांच्या डाव्या हातात, ह्यांची जीभ दातांत. बोलले तर हात हलतो, म्हणून मी गप्प. काल ह्यांना विचारलं, "तीन शब्दांना पंधरा मिनिटं?"

"घाई आहे?"

नव्हती.

२८ मार्च

नाही झालं! खुर्चीत बसले. मुलीने यंत्र सुरू केलं, ते घुंईं करू लागलं. मी बोलायला लागले. छपाईच्या शोधापासून सुरुवात केली. ती बिचारी सुई धरून चाळीस मिनिटं ऐकत राहिली. मग म्हणाली, "काकू, टेकवू?"

डोळे उघडले तेव्हा तोंडावर पाणी, आणि हे वहीने वारा घालताहेत. सुई लागलीही नव्हती. "पुन्हा करूया," मी म्हटलं. मुलीने यंत्र बंद केलं. "बेशुद्ध पडलेल्याला मी गोंदत नाही. हाही नियमच आहे."

उद्या मतदान. सचिव हसणार, त्यांच्यामागे सगळी सभा हसणार. वाचनकक्ष माझ्या तोंडामुळे जाणार.

२९ मार्च

सकाळी ह्यांनी काही न विचारता मार्कर उघडला.

सभेत सचिव: "दाखवा बाई!" बाही वर केली. त्यांनी चष्मा लावला, अंगठ्याने घासून पाहिलं. जाईना! ह्यांचं अक्षर ते, छापल्यासारखं. "मानलं तुम्हाला," सचिव म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट.

तिथेच खाली बसायला हवं होतं मी. पण माझा हा हात खोटा वर जात नाही. समोरच्या ग्लासातलं पाणी रुमालावर ओतलं आणि सगळ्यांदेखत वाक्य पुसलं.

"गोंदवलेलं नाही. सुई पाहून चक्कर आली. काल मी मागे हटले. पण हे पंधरा दिवस रोज पुसलं गेलं आणि रोज पुन्हा लिहिलं. उद्याही लिहीन."

बसले. आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण! मागून एक निवृत्त परिचारिका उठली. "चाळीस वर्षं लोकांना सुया टोचल्या. स्वतःला टोचून घेताना अजून रडते," म्हणाली आणि ठरावाविरुद्ध हात वर केला. मग शेजारचा. मग रांगच्या रांग.

ठराव पडला! सचिवांची काडीही पडली, तोंडातून.

३० मार्च

वाचनकक्ष वाचला. वाक्याचं काम संपलं. तरी आंघोळ झाल्यावर मी जाऊन ह्यांच्यासमोर हात पुढे करून बसले.

"आज काय लिहू?"

"काहीही लिहा."

पंधरा मिनिटं लागली. दिवसभर बाही खाली ओढून फिरते आहे. काय लिहिलंय ते इथेसुद्धा लिहिणार नाही.