कोपऱ्यातल्या चौकटी

६ जानेवारी
नोकरीला शहाद्यात पोचलो. अमृतभाईंच्या झेरॉक्स-प्लॉटिंगच्या दुकानात मानाची खुर्ची, राहायला मागची खोली, स्वागताला केळीचे वेफर्स. झकास! कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, पण डीडब्ल्यूजी ड्रॉइंगची छापायची पीएलटी फाइल करताना माझी रेघ केसभर हलत नाही. इथला मोठे नकाशे छापायचा प्लॉटर मात्र किळसवाणा: रुळांत माव्याची पिंक, शाईच्या नळ्यांवर माश्या. दिवसभर स्पिरिटने पुसला. झाडायला येणारी दगूबाई हसली. "भाऊ, मशीनले आंघोय घाली दिनी, आते काजय बी लाव!"

८ जानेवारी
अमृतभाईंच्या कळसाडीच्या शेतात प्लॉट पाडायचा लेआउट आला. मोजणीवाल्याचं ड्रॉइंग म्हणजे उकिरडा. एका कोपऱ्यात, बिननावाच्या लेअरवर, म्हणजे ड्रॉइंगच्या एका वेगळ्या थरावर, इवल्या इवल्या चौकटी. ना माप, ना नाव, शिंतोडे उडाल्यासारख्या. असला कचरा माझ्या हातून छापला जात नाही. लेअर उडवला, मूळ फाइलवरच सेव्ह केलं, मग पीएलटी. शीट आरशासारखी निघाली. ती शेतावर गेलीसुद्धा. सोमवारी तिच्याप्रमाणे जेसीबी लागणार.

९ जानेवारी
दुसरी प्रत काढली. नेमक्या त्या कोपऱ्यात कागद ओला, पिवळट, तेलकट. शाई नव्हे. बोट लावलं तर तार आली. वास नासलेल्या दुधाचा. रोल बदलला, पुन्हा तेच. दगूबाई म्हणाली, "तुन्ही मशीन दूध वकी ऱ्हायनी, भाऊ." मला हसू आलं नाही. हात तीनदा धुतले.

१० जानेवारी
दगूबाईने शीट पाहिली. कोपरा रिकामा कसा, विचारलं. कचरा काढला, म्हणालो. मग तिने सांगितलं: इकडे तान्ही पोरं गेली तर जाळत नाहीत, पुरतात. शेतावर सालाने राबणाऱ्या सालदारांची कितीतरी त्या कोपऱ्यात आहेत. जेसीबीने उकरू नये म्हणून तिनेच मोजणीवाल्याला एकेक जागा दाखवली होती. "मन्हा बी दोन लेकरं शेतस तठे." अमृतभाईंना आत्ताच्या आत्ता फोन करा, म्हणाली.
करणार होतो. पण सांगू काय? माझी शीट चुकली? हे वाक्य आजवर माझ्या तोंडून गेलेलं नाही. उद्या चौकटी परत काढतो, सुधारित प्रत म्हणून पाठवतो.

११ जानेवारी
चौकटींच्या जागा आठवत नाहीत. अंदाजाने काढल्या. छापली मात्र एकही गेली नाही. प्रत्येकीच्या जागी दह्यासारखा गोळा. दगूबाई आली नाही. फोन हातात धरून बसलो. लावला नाही.

१२ जानेवारी
अमृतभाईंचा फोन. कोपरा अर्धा उकरला, जेसीबीचा ड्रायव्हर ओकत पळाला. विचारत होते, शीट बरोबर होती ना?
बरोबर होती, म्हणालो.
तेव्हापासून प्लॉटर चालू आहे. प्लग काढलाय.

१३ जानेवारी
कागद येतोच आहे. कोमट. मऊ, लव असलेला—
त्यावर माझ्या या खोलीचा नकाशा. टेबल, खुर्ची, मापं अगदी अचूक. टेबलाखाली इवल्या चौकटी. त्या मी काढल्या नाहीत—
अमृतभाईंना फोन लावला. शीट चुकली, माझी चूक, असं ओरडलो. पलीकडे कुणी नाही. तान्हं पोर दूध ओढतं तसा नुसता चुटूचुटू आवाज—
डावा हात खाली लोंबतोय. करंगळी ओली. उंदीर असेल— पण उंदराला दात असतात. या नुसत्या हिरड्या—
चोखतंय—
आता अंगठ्यालाही दुसरं—