फिकटच पाहिजे

३ फेब्रुवारी २००७

नाही म्हणजे नाही! कात्रपच्या नव्या फ्लॅटच्या हॉलला लाकडी फरशी घालायचीय — खुशाल घाला. राजरत्नची हौस आहे, घर त्याने घेतलंय. पण काळपट तपकिरी? म्हणे डार्कवर डाग दिसत नाहीत, रॉयल लुक येतो. सूनबाई प्रीतीने लगेच मान डोलावली. मी म्हटलं, डाग दिसू देत, मी पुसेन. अडुसष्टाव्या वर्षीही कंबर शाबूत आहे माझी.

५ फेब्रुवारी

आज कारण सांगून टाकलं. माझी आई, काशी, पाटलांचं अंगण सारवायची. मी सात वर्षांची, शेणाची पाटी घेऊन तिच्या मागे. सारवून झालं की आम्ही कुंपणाबाहेर. वाळल्यावर त्या जमिनीचा जो रंग व्हायचा, अगदी तोच राजरत्नच्या कॅटलॉगमध्ये! छप्पन साली दीक्षा घेतली, शिकले, तीस वर्षं मास्तरकी केली. आता पोराच्या घरात तोच रंग पायाखाली घेऊ? बिलकूल नाही. नाहीतर तुम्ही राहा तिकडे, मी इथे भाड्याच्या खोलीत बरी.

राजरत्नने कॅटलॉग मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "आई, फिकट म्हणजे फिकट. शब्द देतो."

जिंकले!

११ फेब्रुवारी

उल्हासनगरला फर्निचर बाजारात गेलो. शेठने नमुन्याच्या पट्ट्या मांडल्या, सगळ्या चहाच्या रंगाच्या! मी एकेक बाजूला सारत गेले. शेवटी शेठ हात जोडून म्हणाला, माताजी, इससे लाइट तो आता ही नहीं. राजरत्न आणि प्रीती एकमेकांकडे बघत होते. राजरत्न म्हणाला, ही सगळ्यात पांढरी, दुकानातली ट्यूब मंद आहे, घरी लागली की बघ. ट्यूब मंद होती खरी. मी हो म्हटलं.

२० फेब्रुवारी

प्रीतीने माझी पांढरी साडी धुऊन पिवळी करून ठेवली. आता विहारात काय नेसू? म्हणते, नीळ घातलीय. कसली नीळ!

४ मार्च

फसवलं! फरशी बसली. दार उघडून बघते तर शेणाने सारवलेली जमीन! हुबेहूब! राजरत्न म्हणतो, ही फिकटच आहे गं. तोंडावर खोटं! फरशी बसवणारा चंदू, त्यालाही पढवून ठेवलेलं. तोही मान हलवून म्हणतो, एकदम क्रीम कलर आहे मावशी.

पोटच्या पोराने शब्द मोडला. रडू आलं, पण त्यांच्यासमोर रडले नाही.

५ मार्च

सामान इकडे आलंय, भाड्याची खोली सुटली, आता जाते कुठे? पण त्या हॉलमध्ये बसणार नाही. जेवण स्वयंपाकघरात, स्टुलावर. हॉलमधून जाता-येता पायात चप्पल. बोला म्हणावं काय बोलायचं ते!

२९ मार्च

बॉलपेन फार फिके निघायला लागलेत हल्ली. स्केचपेनने लिहिते.

१४ एप्रिल

जयंती. हॉल पाहुण्यांनी भरलेला, मी ओट्यापाशी स्टुलावर. समोरची उमा येऊन म्हणते, काकी, फरशीने केवढा उजेड पडलाय घरात! हिलाही सांगून ठेवलंय वाटतं. सगळं कात्रप फितूर.

२ मे

प्रीती आज पहिल्यांदा तोंड वर करून बोलली. "आई, आमच्यावर रागवायचं तेवढं रागवा. पण एकदा डोळे दाखवून घ्या."

म्हणजे खोटं तुम्ही बोलायचं आणि दोष माझ्या डोळ्यांना! ठीक आहे, दाखवते. डॉक्टरच सांगतील डोळे चांगले आहेत, मग बसा तोंडं मिटून.

५ मे

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, पिकलाय म्हणे. असेल! या वयात कोणाला नसतो? त्याचा फरशीशी काय संबंध? काळं ते काळंच. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात.

१३ मे

पट्टी काढली. रिक्षाने घरी आलो, राजरत्नने दार उघडलं.

फिकट आहे. ताकासारखी. पहिल्यापासून तशीच होती.

दोन महिने पोराला खोटारडा म्हटलं मी. फार लाज वाटली. माफीचा शब्द काही तोंडातून निघेना. ताट वाढून घेतलं आणि हॉलमध्ये जाऊन खाली बसले. राजरत्न ओरडला, डॉक्टरांनी वाकायचं नाही सांगितलंय! म्हटलं, असू दे. मग प्रीती आपलं ताट घेऊन आली आणि माझ्या शेजारी फरशीवर बसली.