रोज खोललेला गिअरबॉक्स

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सापडला! दोन जिल्हे ओलांडून, मक्याच्या कोठाराच्या आवारात. पोलिसाचा फोन आला — "काकू, काका इथं डोनट खात बसलेत. तब्येत ठीक आहे. फक्त घर कुठं ते सांगता येत नाहीये त्यांना."

डेल्मरला! ज्याने जन्मभर आमच्या कोकोमो गावातल्या निम्म्या गाड्यांचे गिअरबॉक्स उतरवले आणि चढवले, त्याला! घरी आल्यावर म्हणतो कसा, "रस्त्यांची नावं बदलून ठेवलीत लेकाच्यांनी." मी हसले. मग न्हाणीघरात नळ सोडून रडले.

७ ऑक्टोबर, मंगळवार

डॉक्टरीणबाई स्पष्टच बोलल्या. विसरण्याचा हा आजार वाढणार. गाडी चालवणं आजपासून बंद. डेल्मर हसला — "पोरी, तू जन्मायच्या आधीपासून चालवतोय मी." येताना गाडी मी चालवली. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता.

किल्ली लपवून काय होणार? तारा जोडून गाडी चालू करेल. नवरा मेकॅनिक असण्याचे हे तोटे.

८ ऑक्टोबर

सुचलं! सकाळी कॉफी देताना म्हटलं, "अरे, आपल्या पिकअपचा गिअरबॉक्स घसरतोय. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना इंजिन नुसतं ओरडतं." धडधडीत खोटं. त्याचा चेहरा काय उजळला! "तरी मला वाटतच होतं!"

दोघांनी मिळून उतरवला. तो गाडीखाली, मी जॅकवर. गिअरबॉक्सच्या कारखान्यात आमचं असंच जमलं होतं — एकाच लाइनवर, हात तेलात.

१५ ऑक्टोबर

आता रोजचंच झालंय. सकाळी तो कामाच्या बाकावर सगळा जोडतो, गाडीत बसवायचा तेवढा राहतो. दुपारी जेवून झोपतो. तेवढ्यात मी गॅरेजमध्ये जाते आणि सगळा खोलून ठेवते. सर्क्लिपच्या कड्या काढते, ड्रम काढते, त्यातल्या क्लचच्या प्लेटा धुते, त्याच्याच पद्धतीने ट्रेमध्ये मांडते. दुसऱ्या सकाळी त्याला वाटतं, आज कामाचा पहिला दिवस.

हे पाप आहे का? असेल. पण काम करताना तो शीळ घालतो. किती दिवसांत ऐकली नव्हती!

२३ ऑक्टोबर

जावयाचा फोन. कर्ट म्हणाला, "आई, रोज कशाला मरताय? ऑटोमॅटिक काढून टाका, मॅन्युअल बसवू. क्लच दाबायचं विसरतील, गाडी अंगणातच बंद पडेल. रविवारी येतो मी."

काय अक्कल! म्हटलं, "अरे बाबा, तो स्वतःचं नाव विसरेल, पण क्लच नाही विसरणार. क्लच डोक्यात नसतो, पायात असतो." मागे शॉना रडत होती, ते ऐकू आलं. लेक माझी. तिला काय सांगू?

४ नोव्हेंबर

आज खोलताना हात थांबले.

ड्रममध्ये प्लेटा लावायच्या त्या एक लोखंडी, एक कागदी अस्तराची, पुन्हा एक लोखंडी, एक कागदी. त्याने दोन लोखंडी एकावर एक लावल्या होत्या. नवशिकासुद्धा असं करत नाही! मी शिकत होते तेव्हा माझ्याकडून एकदा झालं होतं, तर सगळ्या लाइनला ऐकू जाईल असा माझं नाव घेऊन ओरडला होता — "ट्वायला, ब्रेडवर ब्रेड ठेवलास! मधलं मटण कुणी खाल्लं?" पुढे वर्षभर पोरं मला सँडविच म्हणत.

आज त्याच्या हातून व्हावं हे. नावं गेली, रस्ते गेले. हात तरी राहतील असं मी धरून चालले होते. फार वाईट वाटतंय. दुसरं काही लिहवत नाही.

५ नोव्हेंबर

आजही तेच. ब्रेडवर ब्रेड.

१२ नोव्हेंबर

रोज तीच चूक, त्याच ड्रममध्ये. डॉक्टरीणबाईंना फोनवर सांगितलं. म्हणाल्या, "असं होतं. तुम्ही मनाची तयारी ठेवा." कशाची तयारी आणि कशी ठेवतात ती?

खरं तर आता खोलायची गरजच नाही. असा जोडलेला गिअरबॉक्स बसवला तरी गाडी धड चालायची नाही. तरी खोलते. नाही खोलला तर तो उद्या सकाळी काय करेल?

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

शॉना आणि कर्ट आले. टर्की केली, बटाट्याच्या लगद्यावर शेवया वाढल्या, त्याला आवडतात तशा. कर्ट गॅरेजमध्ये डोकावून आला आणि भर टेबलावर म्हणाला, "आई, विकून टाका ती पिकअप. आता काय जोडणार आहेत ते!"

शॉनाने त्याला कोपर मारलं. डेल्मरने शांतपणे शेवया संपवल्या. मग म्हणाला, "गाडी कुठं जात नाही." एवढंच. मला राग आला — कर्टचा, त्या गाडीचा, सगळ्यांचाच.

३ डिसेंबर

बर्फ. तो कोटावर कोट घालून बाकाशी उभा होता. शीळ नाही आज.

९ डिसेंबर

दुपारी झोपलाच नाही. मी गॅरेजमध्ये गेले तर बाकाशी उभा. मान वर करून हसला आणि म्हणाला, "या बाई, बसा. गाडी आणलीत का दुरुस्तीला?"

बाई. बसा. मी बसले.

"जरा थांबावं लागेल," तो म्हणाला. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. "हा गिअरबॉक्स माझ्याच गाडीचा आहे. रोज जोडतो, आणि रोज दोन प्लेटा मुद्दाम चुकीच्या लावतो. धड बसला तर गाडी चालू होईल ना! मी गाडी घेऊन गेलो की माझी बायको फार घाबरते हो. तिला सांगू नका."

"नाही सांगत," मी म्हटलं.