युलाचा दुसरा रविवार

प्रिय लेम,

तू म्हणशील, मावशी, फोन करायचा सोडून पत्र कसलं लिहीत बसलीस? पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तुझ्या आईचे कान अजून तिखट आहेत. पलीकडच्या खोलीत बसून ती दोन्ही बाजूंचं बोलणं ऐकते. तू पाठवलेला कोट पोचला. बाह्या जरा तोकड्या आहेत, पण मी तो उकाड्यातही चर्चला घालून गेले आणि दोघी-तिघींना चांगलं जळवलं. अलाबामातला उन्हाळा या वर्षी हटायलाच तयार नाही, परसातली पालेभाजी करपून गेली. बाकी घर जागच्या जागी आहे. तुझी आई मात्र नाही, आणि मला तेच सांगायचं आहे.

तू एकोणीस वर्षांचा असताना स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला होतास, ‘तिथे काही नाही गं आई, नुसता आरडाओरडा आहे.’ मग शहरात गेलास आणि पुन्हा चर्चची पायरी चढला नाहीस. तुझ्या आईने, युलाने, तुला कधी बोल लावला नाही, पण रोज रात्री गुडघे टेकले की पहिलं नाव तुझं. त्यानंतर या वसंतात तुझा फोन आला, की आपल्या काळ्या लोकांच्या गाण्यावर आणि प्रार्थनेवर तू सिनेमा करतो आहेस आणि सुरुवात आपल्याच चर्चपासून करणार आहेस. फोन ठेवून ती रडली आणि हसलीसुद्धा. मी म्हटलं, ‘अगं, तो कॅमेऱ्यासाठी येतोय, देवासाठी नाही.’ तर मलाच फटकारलं, ‘कॅमेरा घेऊन का होईना, पोरगं देवाच्या दारात येतंय. तू कशाला नाक मुरडतेस?’

तू कॅमेरा घेऊन आलास त्या पहिल्या रविवारी काय झालं ते तू पाहिलंस. युलाने उभं राहून त्या जुन्या गाण्याची एकेक ओळ सांगितली, लोकांनी ती लांबवत लांबवत म्हटली, आणि तिसऱ्या कडव्याला तिच्यावर पवित्र आत्मा उतरला. मी चर्चची नर्स, पांढरे हातमोजे घालून मागेच उभी होते. मी तिचा चष्मा काढून घेतला, आम्ही बायकांनी हाताला हात लावून तिच्याभोवती रिंगण केलं, गुडघ्यांवर पांढरं कापड टाकलं. तू याच बाकांखाली रांगत मोठा झालास, तुला सांगायला नको. ज्याच्यावर आत्मा येतो त्याला स्वतःच्या चपलेचीही शुद्ध नसते, म्हणून तर आम्ही असतो. त्या दिवशी ती इतकी जड झाली होती की चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकन प्रेंटिसला हाक मारावी लागली.

आणि मग बुधवारी तू तोंड पाडून आलास. कुठलीशी तार सैल राहिली होती, चित्र आलं पण आवाज आलाच नाही. सोमवारी तुला परत जायचं होतं. तू फक्त एवढंच म्हणालास, ‘आई, येत्या रविवारी तेच गाणं पुन्हा म्हणशील ना?’ त्याहून अधिक तू काही मागितलं नाहीस, हे मला माहीत आहे. मी तुला दोष देत नाही, लेम.

दुसऱ्या रविवारी तिने तेच गाणं घेतलं. तिसरं कडवं झालं, चौथं झालं, काहीच आलं नाही. ती वाट पाहत होती, हे मला तिच्या मानेवरून कळत होतं. मग तिने तुझ्याकडे पाहिलं. तू एक डोळा मिटून कॅमेऱ्यामागे वाकला होतास. नंतर तिने स्वतःच्या हाताने चष्मा काढला, मिटला, पर्समध्ये ठेवला आणि पर्स बंद केली. आणि मगच हात वर करून ओरडली. मी तिला मागून धरलं तेव्हा ती स्वतःच्या पायांवर नीट उभी होती. इतकी वर्षं तिला धरते आहे मी, मला काय कळायचं नाही? तरी मी रिंगण केलं, कापड टाकलं, लोकांनी जयजयकार केला. बहिणीला मी एकटं कसं पाडणार?

त्या वेळी तिला वाटलं, एक आई पोरासाठी करते तेवढंच आपण केलं. आज जर काही आलंच नाही, तर पोरगं पुन्हा म्हणेल की तिथे काही नाही, ही तिची भीती. ऑगस्टमध्ये तू चर्चच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवलास तोवर ती ठीक होती. सगळे नटूनथटून आले होते, तळलेल्या माशांचा घमघमाट सुटला होता. आणि भिंतीवर तिचा हात दिसला, एवढा मोठा, चष्मा पर्समध्ये ठेवताना. चर्चमधल्या थोरल्या मदर ओझेलाला गप्प कुठे बसवतंय! भर हॉलमध्ये म्हणाली, ‘का गं युला, पवित्र आत्मा आता आधी फोन करून येतो वाटतं? चष्मा बरा ठेवून झाला तुझा!’ सगळे हसले, तूही हसलास. ओझेलाच्या मनात काही नव्हतं, ती लगेच गोडाकडे वळली. तुझी आईसुद्धा हसली, चहा संपला का बघते म्हणून बाहेर गेली आणि परत आलीच नाही.

तेव्हापासून ती गाणं सांगत नाही. प्रेंटिस सांगतो, पण लोकांचा सूर चहूकडे पांगतो. प्रभुभोजनाचं तबक आलं की ती हात न लावता पुढे सरकवते. मी खनपटीलाच बसले तेव्हा एकदा बोलली. ‘सगळी पापं माफ होतात व्हर्लीन, पवित्र आत्म्याची विटंबना सोडून. आणि ती मी भर चर्चमध्ये केली, चांगली टोपी घालून.’ मी म्हटलं, ‘अगं, तू पोरासाठी केलंस, देवाला कळत नाही का?’ तर म्हणते, ‘तेच तर. त्याच्या जागी मी पोराला बसवलं.’ रेव्हरंड टिलमनकडे चल म्हटलं, तर म्हणाली, ‘तो माझ्यासाठी प्रार्थना करेल, आणि त्याचा आवाज तुला माहीतच आहे. दुपारपर्यंत गावभर होईल.’ यावर आम्ही दोघी हसलो.

बायबलमधला तो भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. तिला काय उत्तर द्यायचं ते मला सापडत नाही, आणि मला भीती वाटते. सिनेमातला तो चष्म्याचा भाग कापताना, जोडताना तूही कितीदा पाहिला असशील. तुला काही कळलं होतं का, हे मी विचारत नाही. कळलं असेल तर मला ते ऐकायचं नाही.

आता तुझा सिनेमा शहरातल्या मोठ्या थिएटरात लागतो आहे आणि आधी आईने रंगमंचावर गावं अशी तुझी इच्छा आहे. तिने एका दमात हो म्हटलं. फोन ठेवला आणि मला म्हणाली, ‘तुझा पांढरा गणवेश धुऊन कडक इस्त्री कर. मला धरायला कोणीतरी लागेल.’ मी म्हटलं, ‘धरायला? नुसतं गाणंच म्हणायचं आहे ना?’ म्हणाली, ‘लेम म्हणालाय, आत्मा आला तर अडवू नकोस.’ मी विचारलं, ‘आणि नाही आला तर?’ तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, ‘मी तर गेलेच आहे, व्हर्लीन. आता पोराचं तरी भलं होऊ दे.’

या घडीला ती लॉरेनकडे केस करून घ्यायला गेली आहे, तुझ्या कार्यक्रमासाठी. ती यायच्या आत हे टपालपेटीत टाकायचं आहे. तुला नाही म्हणणं तिला जन्मात जमलं नाही, म्हणून आता तूच नाही म्हण. कार्यक्रम बदलला म्हण, वेळ कमी आहे म्हण, वाटेल ते खोटं बोल, त्याचं पाप मी माझ्या अंगावर घेते. मी लिहिलं हे मात्र तिला सांगू नकोस. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाला, घरी ये, हातात काही न घेता. बाकावर तिच्याशेजारी बस. विश्वास नसेल तर तबकाला हात लावू नकोस, फक्त उठून जाऊ नकोस. देव आपल्या हातून गेला, असं ती धरून बसली आहे. निदान तू तरी तिला मिळालास, एवढं तिला दिसू दे.

तुझीच,
व्हर्लीन मावशी