गरुड, गतिरोधक आणि दिवाणाच्या दोन फळ्या

४ नोव्हेंबर, मंगळवार

स्वस्ति श्री. अष्टसिलिंडरोपासक, भग्नवाहनवैद्य, विमादाव्यांचा कर्दनकाळ, विजापूर रोडच्या समस्त गतिरोधकांचा ज्ञाता व भोक्ता, नित्य स्कूटरारूढ, सौ.च्या अनुज्ञेने गृहपती, असे जे आम्ही, त्या आम्ही आज दुपारी बशीरच्या ट्रक-अड्ड्यात साक्षात अमेरिकेचे दर्शन घेतले.

अमेरिका पंक्चर होती.

बशीर (शाळासोबती, तीन ट्रकांचा धनी, यापुढे ब.) नववीपासून जिचा जप करीत होता ती गाडी हीच. ऐंशीच्या दशकातली, काळी, दोन दारांची, लांब नाकाची. बॉनेटवर पंख पसरलेला सोनेरी पक्षी. एक पंख शाबूत, दुसरा सोललेला. दूतावासाच्या कुणा साहेबाने भारतात आणली आणि बदली होताच टाकून गेला. मग मुंबईच्या एका शेडमध्ये दीर्घ समाधी. ब.ने ट्रकवर घालून आणली, ओली बाळंतीण आणावी तशी, गोधड्या लावून.

"क्या पंडत, बोल ना. सपना है का नै?"

"स्वप्नच. स्वप्नालाही असाच कुबट वास येतो."

तो पोट धरून हसला. त्याला तो विनोद वाटला.

वाहनांच्या अपघाताचे मूल्यमापन हा माझा उदरनिर्वाह असल्याने हात आपोआप सर्वत्र फिरला. बॉनेटवरच्या ज्या दोन नाकपुड्यांसाठी आम्ही नववीत प्राण दिले असते, त्या बंद आहेत. आत भोकच नाही. नुसता प्लास्टिकचा उंचवटा. एवढा थोर देश, आणि खोट्या नाकाने मिरवतो! ब.ला सांगितले नाही. तो त्याच नाकपुड्या फडक्याने पुसत होता.

६ नोव्हेंबर, गुरुवार

प्रथम विहार. नाव ठेवले: गरुड. सूचना माझीच. आता लाज वाटते.

स्टीअरिंग डावीकडे. म्हणजे ब. डावीकडे, आणि मी उजवीकडे, चाकाविना, राजप्रतिनिधीसारखा. आमच्याच घरासमोर, कुणा अज्ञात पुण्यात्म्याने रातोरात घातलेल्या गतिरोधकावर गरुडाचे पोट टेकले. म्हैस ओढ्यात बसते तसा बसला. मागे रिक्षांची रांग. एका रिक्षावाल्याने माझ्या खिडकीत तोंड घातले.

"ओ काका, रिव्हर्स मारा की!"

"माझ्याकडे चाक नाही."

"मग हितं कशाला बसलाव?"



ब. म्हणाला, "पंडत, घर में फळ्यां है क्या?" होत्या. दिवाणाच्या, सागवानी, मधल्या दोन, आमच्या तीर्थरूपांनी करवून घेतलेल्या. गादी उचलून त्या आणल्या आणि चाकांपुढे अंथरल्या. गरुड कण्हत त्यांवर चढला, पोट सुटले, पलीकडे उतरला. सौ. गच्चीतून हे सर्व पाहत होती. एकच वाक्य बोलली: "रात्री झोपायच्या आत परत लावा."

ब.ने फळ्या डिकीत टाकल्या. पुढे विजापूर रोडवर गतिरोधकांची माळच आहे. प्रत्येक मण्याला मी उतरून फळ्या अंथरल्या, उचलल्या, पुन्हा बसलो. गरुड अड्ड्यात ठेवून घरी परतलो रिक्षाने. फळ्या डिकीतच.

८ नोव्हेंबर, शनिवार

पाठ धरली आहे. स्मरणाखेरीज दुसरे काही सुचत नाही.

ब.चे मोठे भाऊ सौदीत होते. तिथून एक कॅलेंडर आले, त्यात ही गाडी. ब.ने ते पान फाडून मला दाखवले. मी ते संस्कृतच्या पुस्तकात ठेवले आणि वर्षभर विभक्ती चुकवल्या. गल्लीतल्या व्हिडिओ पार्लरात, घामट अंधारात, असली एखादी गाडी पडद्यावर नदी ओलांडून उडाली की आम्ही दोघे बाकावर उभे. मागची मंडळी शिव्या घालत.

इंजिनाचा आवाज ब. तोंडाने काढी. ओठ मिटून, गाल फुगवून, पोटातून. आधी घुरघुर, मग गर्जना, गिअर बदलताना मध्ये एक श्वास. सायकलच्या डबलसीटवर मी मागे बसे, तो पुढे गर्जे, आणि डफरीन चौकातला ट्रॅफिक हवालदार खरोखर वळून पाही.

परवा खऱ्या इंजिनाचा आवाज ऐकला. सत्यनारायणाला आलेल्या पाहुण्याने खोकावे तसा. ब.च्या तोंडचा अधिक अस्सल होता.

आता चीड येते ती नेमकी कुणाची, ठरत नाही. त्या प्लास्टिकच्या देशाची? की एका पानाच्या जोरावर पन्नाशी गाठणाऱ्या दोन गाढवांची?

९ नोव्हेंबर, रविवार

ब.ने आज बेत उघड केला. पुढच्या रविवारी त्याच्या नाझियाचे लग्न. हॉल कुंभारीच्या अलीकडे, अक्कलकोट रोडवर. पाठवणी गरुडातून.

"तू हौ बोला तो लेजाता. नै बोला तो नै. तेरे सिवा कोन देखनेवाला है?"

म्हणून आज कुंभारीपर्यंत परीक्षा. उघडा रस्ता, मनात पार्श्वसंगीत. ब.ने पाय दाबला. आठ सिलिंडरांनी त्यावर विचार केला. विचार चालू असतानाच एका पांढऱ्या, साबणाच्या वडीएवढ्या गाडीने आम्हांस ओलांडले. आत एक काकू, मांडीवर भाजीची पिशवी. मग दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर, गाणी लावलेला, तोही पुढे गेला. त्यातले उसाचे एक टिपरू आमच्या काचेवर पडले.

कुंभारीच्या अलीकडे तापमानाचा काटा लाल रेघेत गेला आणि बॉनेटमधून वाफ. नाकपुड्या खऱ्या असत्या तर निदान त्यांतून तरी आली असती. ब.ने झाकण उघडले, बाटलीतले पाणी ओतले, हात भाजला. रुमाल गुंडाळून म्हणाला, "गरम होतीच ना अमेरिकन. मिजाज है उसका."

मी "हं" म्हणालो. त्याने त्या "हं"कडे फार वेळ पाहिले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सायंकाळी नाझिया घरी आली. औषधांच्या दुकानात नोकरी करते, जन्मापासून मला चाचा म्हणते. सौ.ने खाकरा पुढे केला, तिने घेतला नाही.

"चाचा, तुम्ही नाही म्हणा ना."

"कशाला?"

"त्या गाडीला. उंदराचा वास येतो. पण वासाचं जाऊ द्या, मी नाक धरून बसेन. रस्त्यात बंद पडली तर लोक मोबाइल काढतील. त्यात मी नसणार, अब्बा असणार. शेरवानीत, बॉनेटमध्ये डोकं घातलेले. आत्ताच अड्ड्यावर पोरं हसतात, अब्बांना कळत नाही."

"मग तूच सांग."

"माझ्यासाठी आणलीय म्हणतात. मी कसं सांगू? तुमचं ऐकतात ते."

माझे कुणी ऐकत नाही. माझ्या सहीचे ऐकतात. पण पोरगी रडवेली झाली होती, म्हणून हा फरक समजावला नाही.

जाताना म्हणाली, "मी आले होते हे नका सांगू." सौ. दार लावून: "आणि फळ्या?"

१२ नोव्हेंबर, बुधवार

निकाल दिला. अड्ड्यात, चहा थंड होऊ देऊन, उभ्यानेच. रेडिएटरला क्षय. नळ्यांना चिरा. ब्रेक केवळ श्रद्धेवर. वधूवाहनास सर्वथा अपात्र.

ब. बाकड्यावर बसून ऐकत होता, भाजलेल्या हाताला मलम लावत.

"ये सर्व्हेयर बोलरा का दोस्त?"

"सर्व्हेयर."

"दोस्त क्या बोलता?"

दोस्ताजवळ बोलण्यासारखे पुष्कळ होते: नाकपुड्या खोट्या आहेत, तुझी पोर काल माझ्या ओसरीवर रडली, आणि आपण बाकावर उभे राहून टाळ्या पिटल्या त्या एका उत्तम रंगवलेल्या डब्यासाठी. दोस्ताने थंड झालेला चहा उचलला.

"नाझिया का तो बहाना था," ब. मलमाच्या डबीचे झाकण लावत म्हणाला. "तेरेकू दिखाने के वास्ते लाया मैं, पंडत. लोगां कू नै."

मी स्कूटरला किक मारली. सुरू होईना. अशा वेळी त्याने हसायला हवे होते.

फळ्यांचा विषय काढण्यास प्रसंग अनुकूल नव्हता.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काही नाही. एका टेम्पोचे मूल्यमापन. टेम्पोबद्दल आदर वाटला.

१६ नोव्हेंबर, रविवार

लग्न. दालचा-भात अप्रतिम, ताटात मात्र अर्धा तसाच राहिला. ब.ने मला मिठी मारली, सर्वांना मारली तशीच, ना अधिक ना उणी.

पाच वाजता पाठवणी. नाझिया सासरच्या पांढऱ्या गाडीत बसली. साबणाची वडी, वर मोगऱ्याच्या माळा. ब. दाराशी उभा राहून तिच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटला. मला वाटले, संपले. पण तो हॉलच्या मागे गेला. गरुड तिथे उभा होता, धुतलेला, पुसलेला. फूल एकही नाही.

ब. डावीकडे बसला, इंजिन सुरू केले आणि हात लांबवून उजवीकडचे दार आतून उघडले. माझ्याकडे न पाहता.

मी बसलो.

नवरीच्या गाडीमागे, बऱ्याच अंतरावर. पहिला गतिरोधक आला. मी उतरलो, सिल्कच्या झब्ब्यात, फळ्या अंथरल्या, उचलल्या, बसलो. दुसरा. तिसरा. ब. प्रत्येक वेळी थांबे, मी चढेपर्यंत वाट पाही, आणि पुन्हा पाय दाबी. वऱ्हाडाच्या शेवटच्या मोटारसायकलीही पुढे निघून गेल्या. निदान मोबाइल काढणारे कुणी उरले नाही. पोरीला हवे होते ते आपोआप साधले.

चुंगीनाक्याच्या अलीकडे काटा लाल, वाफ, मौन. गरुडाने देह ठेवला. पुन्हा तोच, किंवा त्याचा भाऊ, उसाचा ट्रॅक्टर. चालक खाली उतरला, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"लई भारी हाय की ओ गाडी! दोर लावू का?"

दोर लावला. दोन ट्रॉल्या ऊस, त्यामागे अमेरिका. ब. चाक धरून, समोर पाहत. आमच्या काचेवर पाचटाचा वर्षाव. इंजिन मृत, त्यामुळे विलक्षण शांतता. फक्त टायरांचा आवाज.

आणि मग ब.ने ओठ मिटले, गाल फुगवले. आधी घुरघुर. मग पोटातून गर्जना. मध्ये एक श्वास, गिअर बदलला. तोच. शंभर नंबरी तोच.

मी हसलो. खदाखदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला वाटले दोघे हसत आहोत.

तो थांबला होता. समोर पाहत होता. डोळ्यांत पाणी त्याच्याही होते, पण ते कशाचे, याचे मूल्यमापन मला जमले नाही, अड्डा आला, तो उतरला, गाडीला कुलूप लावले, "खाना खाया ना बराबर?" एवढे विचारले आणि आत गेला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नाझियाचा फोन. "थँक्यू चाचा. अब्बा काही बोलले?"

"काही नाही."

"माझ्याशी पण नाही बोलले त्याबद्दल. ताडपत्री टाकलीय गाडीवर. विकणार का विचारलं, तर चहा मागवला."

मी तिला ट्रॅक्टरचे सांगितले नाही. आवाजाचे तर नाहीच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

अड्ड्यावरून दोनदा गेलो. एकदा तो होता. मी हॉर्न दिला, त्याने भाजलेला हात वर केला. तो मला केला की मागून येणाऱ्या ट्रकला, संदिग्ध.

फोन करावा, तर त्याला वाटेल फळ्यांसाठी केला. न करावा, तर त्याला वाटेल याला फळ्याही नकोत. आणि फळ्या न मागता फोन करून बोलायचे काय, हे अद्याप सुचलेले नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

दिवाणाला मधोमध खिंड आहे. काल डावा पाय गुडघ्यापर्यंत तीत गेला. खालची सूटकेस फुटली. सौ. आतल्या खोलीत झोपते आणि मला म्हणते, अमेरिकेत झोपा. सुताराला बोलावले, तर तो म्हणतो नमुन्याची फळी दाखवा, जुन्या दिवाणाला अंदाजाने बसत नाही. नमुन्याच्या दोन्ही फळ्या डिकीत. डिकी ताडपत्रीखाली. किल्ली त्याच्या शेरवानीच्या खिशात, आणि शेरवानी, नाझिया सांगते, धोब्याकडे.