सासूबाईंची नव्वदी आणि ८५ची लेन्स

३ फेब्रुवारी, सोमवार
ठरलं. नवी लेन्स घ्यायची. हौस म्हणून नव्हे, कर्तव्य म्हणून. नऊ मार्चला मेपेल गावी, सासूबाईंच्या घरी, त्यांची नव्वदी. त्या दिवशी हार्म आणि रूलोफ, माझ्या बायकोचे, तिनेकेचे, दोघे भाऊ, एका खोलीत बसणार. वडिलांची होडी कुणाला न विचारता कुणी विकली यावरून अकरा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. सासूबाईंनी एकच मागितलंय: दोन बाजूंना दोन मुलं, मध्ये आपण, असा एक फोटो. तिनेके म्हणाली, अरे, आहे त्याच लेन्सने काढ की. बिचारीला त्यातलं कळत नाही. बजेट तीनशे युरो. वर एक सेंट नाही.

५ फेब्रुवारी
एकवीस परीक्षणं वाचली. दोन लेन्स नक्की. एक ३५ मिलिमीटरची, तिच्यात अख्खी खोली मावते. दुसरी ८५ची, तिच्यात एकच चेहरा मावतो, पण काय मावतो! मागचं सगळं लोण्यासारखं वितळतं. उद्या निर्णय.

६ फेब्रुवारी
उद्या.

८ फेब्रुवारी, शनिवार
फोटो क्लबात विषय काढला. अध्यक्ष वेसेलने विचारलं, सासूबाईंची खोली केवढी आहे? म्हटलं, खोलीएवढी. तो म्हणाला, रिनुस, ८५ घेऊन मागे मागे सरकत संडासात पोचशील. सगळे हसले. मत्सर, दुसरं काय! वेसेल आयुष्यभर अळंब्यांचे फोटो काढतोय. अळंबीला भाऊ नसतात.

१५ फेब्रुवारी
घेतली!! ८५. जुनी, पण नव्यासारखी. काम्पेनच्या एका गृहस्थाकडून, बजेटच्या आत. का विकताय विचारलं, तर म्हणाला, घर लहान आहे. लोकांच्या अडचणी काय काय असतात. गाडीत लेन्स मांडीवर घेऊन बसलो. गाडी तिनेके चालवत होती.

१८ फेब्रुवारी
चाचणी. लेन्स विटांच्या भिंतीवर तपासतात, हे जाणकारांना ठाऊक आहे. समोरच्या आल्तिंगबाईंच्या भिंतीचे दोनशे चौदा फोटो. कडा धारदार. बाई बाहेर आल्या, म्हणाल्या, नगरपालिकेकडून का? भिंत कलली आहे का? म्हटलं, भिंत उत्तम आहे, विशेषतः डावा कोपरा.

१९ फेब्रुवारी
आल्तिंगबाईंनी गवंडी बोलावलाय. डावा कोपरा बघायला.

२३ फेब्रुवारी, रविवार
तिनेके म्हणाली, एखाद्या माणसाचा फोटो काढून बघ ना. समजावलं की माणूस हलतो, भिंत प्रामाणिक असते. मग म्हणाली, आईकडे जाऊन निदान अंतर तरी मोजून ये. चाळीस वर्षं त्या खोलीत कॉफी पितोय, मोजायचं काय? शिवाय पाऊस होता.

२ मार्च
घरच्या ग्रुपवर सूचना टाकली: समारंभात कुणीही फोन बाहेर काढू नये. फ्लॅश चमकतात, लोक भलतीकडे बघतात. फोटोची जबाबदारी संपूर्णपणे माझी. रूलोफने अंगठा पाठवला. तीन मिनिटांनी हार्मनेही! एकाच निरोपावर दोघांचा अंगठा, अकरा वर्षांत प्रथमच. लेन्सचा गुण आत्तापासूनच दिसतोय.

९ मार्च, रविवार, संध्याकाळी सहा
 आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस!

क्रमाने लिहितो. भिंतींना लागून खुर्च्यांचं नेहमीचं वर्तुळ. आलेल्या प्रत्येकाने रिवाजाप्रमाणे बसलेल्या प्रत्येकाचं अभिनंदन केलं, त्यात माझंही सतरा वेळा झालं, जावई असल्याबद्दल. मग कॉफी आणि केकचा एकेक तुकडा. माझी खुर्ची एका आत्याच्या आणि रबराच्या झाडाच्या मध्ये. तिथून लेन्स लावली: सासूबाईंचं नाक. सुरेख नाक, पण नाकच. स्वयंपाकघराच्या दारात गेलो: नाक, हनुवटी आणि हार्मचा अर्धा कान. संडासाचं दार पाठीला लागलं. वेसेलची आठवण आली, ती झटकली.

आणि तेव्हा सुचलं. खिडकी! रस्त्याकडची खिडकी दुकानाएवढी, पडदा आमच्या देशात कोण लावतो? धावत रस्ता ओलांडला. तिकडच्या फुटपाथवरून सगळे मावले. मध्ये सासूबाई, डावीकडे हार्म, उजवीकडे रूलोफ. त्यांनी दोघांचे हात धरले. रूलोफ काहीतरी बोलला. हार्मने मान खाली घातली, मग बाहीने डोळे पुसले, आणि अख्खं वर्तुळ हसायला लागलं. मीही रडत होतो, सरळ कॅमेऱ्यात. दिसेना, म्हणून फोकस कॅमेऱ्यावर सोपवला. त्रेसष्ट फोटो! परत आलो तेव्हा केक संपला होता. कलावंताला हे चालायचंच.

१० मार्च, सकाळी
फोटो संगणकावर उघडले. त्रेसष्टच्या त्रेसष्ट फोटोंत मी आहे.

खिडकीच्या काचेत. गुडघे वाकवलेले, तोंडावर लेन्स, मागे एक सायकलवाली. ऊन माझ्या बाजूला होतं. लेन्सचा दोष नाही, कोटाच्या बटणातला दोरासुद्धा मोजता येतो. माझ्या कडेने खुर्च्यांचे पाय आणि काही पुसट लोक.

हार्म पहाटेच नॉर्वेला परत गेला, म्हणजे पुन्हा काढणं नाही. फोन कुणीच बाहेर काढला नव्हता, सूचना पाळली होती.

तिनेकेला विचारलं, रूलोफ काय बोलला गं?  ती म्हणाली, तिथे असायला हवं होतंस. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

११ मार्च
काचेवरची चमक मारणारा एक फिल्टर मिळतो म्हणे. बजेटमध्ये बसतो. तिनेकेला अजून सांगितलेलं नाही.

२३ मार्च, रविवार
माफी मागायला मेपेलला गेलो. वाटेत तीन वाक्यं पाठ केली होती. एकही बोलावं लागलं नाही. तिनेकेने त्यातला एक फोटो मोठा करून आधीच दिला होता आणि सासूबाईंनी तो टीव्हीच्या वर टांगला आहे. मी शिरलो तेव्हा त्या घरी येणाऱ्या नर्सला काठीने दाखवत होत्या. हा माझ्या नव्वदीचा, म्हणाल्या. माझी दोन्ही मुलं आहेत यात, अकरा वर्षांनी एकत्र.

नर्सने चष्मा लावला, अगदी जवळ जाऊन बघितलं आणि विचारलं, कुठे?

जावयाच्या मागे, सासूबाई म्हणाल्या.