‘आलो’ म्हणेपर्यंत

३ जून, सकाळी ८ वाजून १० मिनिटे. नव्या टेबलाशी बसून नोंदवहीत रेघा आखतोय. आजपासून कामाला लागलो! भाजलेल्या रुग्णांचं ड्रेसिंग बदलताना त्यांच्या डोळ्यांवर जाड चष्मा बांधायचा. आत नदीकाठ दिसतो, रिकामा बाक दिसतो. मान वळवावी तिकडे काठच. मन तिथं रमतं, दुखणं कमी जाणवतं. नियम एकच: काम झालं की हाक मारायची, रुग्ण ‘आलो’ म्हणाला की नोंद करायची, मगच चष्मा काढायचा. सिस्टर म्हणाल्या, माणूस म्हणजे खुंटीवरचा सदरा नव्हे, ओढला की आला. माझ्या रेघा पाहून त्यांनी मला ‘मास्तर’ करून टाकलं.

६ जून. शिंपीकाकांचे दोन्ही हात वाफेने भाजलेत. आत जाऊन आले की म्हणतात, जागा झकास आहे रे, चहाची टपरी तेवढी टाका. काकू दाराशी बसून असतात. हे हात पुन्हा सुई धरतील ना, एवढंच विचारतात.

९ जून. आज सात जण रांगेत होते. काकांना हाक मारली, उत्तर येईना. तसाच चष्मा काढला. नोंदीत लिहिलं: ‘आलो म्हणाले.’

१० जून. काका डोळे उघडे ठेवून बसलेत. बोलत नाहीत. काकू म्हणाल्या, दार उघडं आहे पण घरात कोणी नाही. डॉक्टरांनी माझी नोंद वाचली आणि म्हणाले, थकवा आहे, उतरेल.

११ जून. पाय भाजलेल्या मुलीने विचारलं, बाकावरचे आजोबा कोण? त्यांचे हात धडधाकट आहेत. मला कधी हाक मारणार, असं विचारत होते.
त्या चित्रात माणूस नाहीच. कधीच नव्हता.

१२ जून. आणखी तिघांना बाकावरचे आजोबा दिसले. इकडे काकू काकांना चमच्याने भरवतात. घास तोंडातच राहतो.

१३ जून, दुपारी १. सिस्टरना सगळं सांगितलं. म्हणाल्या, मास्तर, एवढी एकच ओळ खरी लिहायची होती. आता मीच चष्मा बांधून आत जातोय, काकांना आणायला. दीड वाजता त्या हाक मारतील. वही मांडीवर ठेवलीय.

काका भेटले. सुईत दोरा ओवत होते. म्हणाले, बस जरा—

हाक आली. माझ्या नावाची. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, ‘आलो.’ माझ्या आवाजात—

बाक रिकामा. वही इथं कशी

सिस्टर, तो मी नाही. मी अजून आ—